डॉक्सी काय, मिनो काय

कुडाळ, बुधवार

चि. मुक्ता,


फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. वहिनी सांगत होती, सोमवारी हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून आलीस, टाचेला चप्पल लागून जखम झालेली, आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) नको म्हणून मुरुमांसाठी दिलेल्या मिनोसायक्लिनच्या उरलेल्या दोन गोळ्या घेतल्यास. मैत्रीण म्हणाली म्हणे, डॉक्सी काय नि मिनो काय, एकच. ताप आहे का तुला? आधी ते सांग.

दोन्ही टेट्रासायक्लिनच्या घराण्यातल्या, जंतूंना प्रथिनं बनवू देत नाहीत, इथवर ती बरोबर. पण पुराच्या पाण्यातून गेलेल्यांना लेप्टो टाळायला डॉक्टर देतात ती डॉक्सीसायक्लिन, अनुभव आहे तो त्याच गोळीचा. मिनोनं कानातला तोल सांभाळणारा भाग बिघडू शकतो, गरगरतं, बायकांना जास्तच. आणि तू लोकलच्या दारात उभी राहतेस! महिनोन् महिने घेतली तर कातडीवर, हिरड्यांवर निळसर-करडे डाग पडू शकतात. डॉक्सीही भरपूर पाण्याबरोबरच घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत व्रण होऊ शकतो. तुझ्या लोहाच्या गोळीनं दोन्हींचा गुण कमी होतो, हे डॉक्टरांना सांगशील ना?

ताप नाही ना, खरंच?

२६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, तेव्हा मी परळला एका औषधाच्या दुकानात नवी होते. 'अंग मोडून आलंय, काहीतरी द्या' म्हणत माणसं यायची. पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झालेत का, विचारावंसं वाटायचं. मालकासमोर तोंड उघडत नसे. गोळ्या घेऊन गेलेल्यांचं पुढे काय झालं, कधी कळलं नाही. अजून सलतं ते.

रागावले, मनात ठेवू नकोस. घाबरलीस म्हणून घेतल्यास, बेफिकिरीनं नव्हे, ते मला कळतं. पण पाण्यात गेल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जायला हवं, तेव्हा आजच जा. मिनोचं पाकीट बरोबर ने, जखम दाखव. ताप आला तर रात्र असो, थांबू नकोस. वहिनीला सांगायचं नसेल तर मला सांग.

उद्या संध्याकाळच्या कोकणकन्येनं निघते आहे. तिकीट मिळालं नाही तरी येईन. तांदूळ आणते, पेज करून घालीन, चार दिवस राहीन.

तुझी,
आत्या