नाकाच्या मापापासून गल्लीतल्या कॅमेऱ्यापर्यंत

चेन्नईत एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात लोक चोळकालीन कांस्यमूर्ती पाहायला जातात. या संग्रहालयाचा १८८५ ते १९०८ या काळातला अधीक्षक एडगर थर्स्टन मात्र माणसं मोजायचा. डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची उंची, शरीराचे प्रमाण यांची मापं तो घ्यायचा आणि त्यातून जाती-जमातींची वर्गवारी लावायचा. दक्षिण भारतातल्या जाती-जमातींवरचे त्याचे सात खंड १९०९ मध्ये छापले गेले. त्याच पिढीत इटलीतला डॉक्टर सेझारे लोम्ब्रोसो तुरुंगातल्या कैद्यांच्या कवट्या आणि चेहरे तपासत होता. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि जबडा, कान, कपाळ पाहून तो ओळखता येतो, असं त्याने १८७६ च्या पुस्तकात मांडलं.

आज कुठलाही गुन्हेशास्त्रज्ञ हे मानत नाही. तरीही गुन्हेशास्त्राची, म्हणजेच क्रिमिनॉलॉजीची, ओळख लोम्ब्रोसोपासून करून द्यावी लागते, कारण चुकीच्या सिद्धांताची किंमत किती जबर असते ते त्यातून कळतं.

‘मला क्रिमिनॉलॉजी करायचंय’ असं बारावी झालेली मुलगी सांगते, तेव्हा घरात आधी शांतता पसरते आणि मग प्रश्न सुरू होतात. म्हणजे सीआयडीत जाणार का? मृतदेह पाहावे लागतील का? नोकरी कोण देणार? यातले निम्मे प्रश्न दोन विषयांच्या गल्लतीतून येतात. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, विष, स्फोटकं यांची तपासणी हे न्यायसहायक विज्ञान, म्हणजेच फॉरेन्सिक सायन्स. गुन्हेशास्त्र हे समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा यांच्या सीमेवर उभं आहे. गुन्हा का घडतो, कुठे घडतो, शिक्षेने काय साधतं आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचं पुढे काय होतं, हे त्याचे प्रश्न.

चेन्नईच्याच परिसरातलं एक उदाहरण घेऊ. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. स्फोटकं एका तरुणीच्या अंगावरच्या पट्ट्यात होती, हा निष्कर्ष तमिळनाडूच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचे तेव्हाचे प्रमुख पी. चंद्रशेखरन यांनी घटनास्थळी मिळालेल्या तुकड्यांवरून काढला. हे झालं ‘कसं’चं उत्तर. एखादी तरुणी असा पट्टा बांधायला तयार कशी होते, तिच्याभोवतीची माणसं तिला तिथवर कशी नेतात, हा गुन्हेशास्त्राचा प्रश्न. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण त्यांचे अभ्यासक्रम वेगळे, प्रयोगशाळा वेगळ्या आणि त्यांना लागणारा स्वभावही वेगळा.

सिद्धांतांची सुरुवात लोम्ब्रोसोच्याही आधी होते. इटलीतल्याच चेझारे बेकारिया यांनी १७६४ मध्ये मांडलं, की माणूस फायदा-तोटा तोलून वागतो, म्हणून शिक्षा क्रूर असण्यापेक्षा ती नक्की आणि लवकर होणं महत्त्वाचं. फाशीची मागणी करणारा मोर्चा निघतो आणि खटला मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतो, तेव्हा बेकारियांची आठवण आजही येते.

लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधीच इंग्रज सरकारने भारतात गुन्हेगार जमाती कायदा आणला होता. १९११ मध्ये तो मद्रास इलाख्यातही लागू झाला. अख्ख्या जमातीची नोंद, बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी. ३ एप्रिल १९२० रोजी मदुरै भागातल्या पेरुंगामनल्लूर गावात कळ्ळर समाजाने या नोंदणीला विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. महाराष्ट्राला हे परकं नाही. पारध्यांसारख्या जमातींना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. १९५२ मध्ये हा कायदा देशभरातून गेला, पण कपाळावरचा शिक्का गेला नाही. हाच शिक्का सोसलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते पुस्तक पहिल्याच वर्षी वाचायला हवं.

जन्माच्या सिद्धांताला सगळ्यात ठोस उत्तर शिकागोहून आलं. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी त्या शहरातल्या बालगुन्हेगारीच्या नोंदी नकाशावर मांडल्या. काही वस्त्यांमध्ये एक स्थलांतरित समाज गेला, दुसरा आला, तरी गुन्ह्यांचं प्रमाण चढंच राहिलं. याचा अर्थ दोष रक्तात नव्हता. भाड्याच्या खोल्या, सतत बदलणारे शेजारी, मोडलेल्या ओळखी यांत तो होता. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये आणखी एक कारण पुढे आणलं. समाज सगळ्यांना श्रीमंतीचं स्वप्न दाखवतो, पण तिथवर जाण्याचा सरळ रस्ता थोड्यांनाच देतो. या ताणातून काहीजण आडवाट धरतात. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये बोट ठेवलं ते शिक्क्यावर. ‘गुन्हेगार’ म्हणून एकदा ओळख चिकटली की नोकरी, मैत्री, लग्न सगळे दरवाजे बंद होत जातात आणि माणूस त्याच ओळखीत ढकलला जातो.

हा शिक्का आजच्या चेन्नईतही दिसतो. शहराच्या झोपडपट्ट्यांतून उठवलेली हजारो कुटुंबं २००० नंतर कण्णगी नगर या दूरच्या वसाहतीत नेऊन ठेवली गेली. शाळा, रोजगार, जुने शेजारी मागे राहिले आणि वसाहतीचं नाव बदनाम झालं. नोकरीच्या अर्जावर हा पत्ता लिहायला तिथली मुलं कचरतात. २०२० च्या सुमारास इथल्या इमारतींवर मोठमोठी भित्तिचित्रं रंगवली गेली, ती वस्तीची ही प्रतिमा पुसण्यासाठीच. मर्टन, बेकर आणि शिकागोचे नकाशे इथे एकाच बसथांब्यावर भेटतात.

ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला: बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत? घर, शाळा, उद्याची आशा यांच्याशी असलेले धागे माणसाला धरून ठेवतात, हे त्यांचं उत्तर. चेन्नई पोलिस गरीब वस्त्यांत मुला-मुलींसाठी क्लब चालवतात. तिथल्या खेळामागे आणि अभ्यासिकेमागे हीच समजूत आहे.

पालकांना चटकन पटेल तो १९७९ चा कोहेन आणि फेल्सन यांचा सिद्धांत. गुन्ह्याला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: करण्याची इच्छा असलेला माणूस, हाताशी आलेलं लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव. सकाळची ओस गल्ली, गळ्यात सोन्याची साखळी घालून फुलं आणायला निघालेली बाई आणि मागून येणारी मोटारसायकल. यातलं एक काढलं की सोनसाखळी चोरी अवघड होते. ए. के. विश्वनाथन चेन्नईचे पोलिस आयुक्त असताना शहरभर कॅमेरे बसवण्याची ‘तिसरा डोळा’ मोहीम चालली, ती राखणदार वाढवण्यासाठी.

पण गुन्हा म्हणजे फक्त गल्लीतली चोरी नव्हे. एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये पांढरपेशा गुन्ह्यांकडे लक्ष वेधलं आणि गुन्हा हा सहवासातून शिकला जातो असं सांगितलं. चेन्नईतल्या आरुद्रा गोल्ड या कंपनीवर सुमारे एक लाख ठेवीदारांकडून २,४३८ कोटी रुपये गोळा केल्याचा आरोप आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी तमिळनाडूने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये खास कायदे केले. आपल्याकडे त्याला एमपीआयडी म्हणतात. अशा प्रकरणात कवटी मोजून काय सापडणार होतं?

आता शिक्षण आणि नोकरी. मद्रास विद्यापीठाच्या चेपॉक परिसरात, मरीना किनाऱ्यासमोर, गुन्हेशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजीचं घरही हेच. याच राज्यात वेल्लोरला तुरुंग अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी अकादमी आहे आणि बालगुन्हेगारांसाठीचा देशातला पहिला प्रांतिक कायदा मद्रासनेच १९२० मध्ये केला होता. मराठी विद्यार्थ्याला जवळ हवं असेल तर मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, आणि सीमेपलीकडे धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आहे. टिसचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतो. पदव्युत्तर गुन्हेशास्त्राला बऱ्याच ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, फॉरेन्सिकला मात्र विज्ञान लागतं. अटी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक हातात घेऊनच निर्णय घ्यावा.

पालकांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. ‘क्रिमिनॉलॉजिस्ट’ अशी पाटी असलेली सरकारी खुर्ची सहसा मिळत नाही. पदवीधर परिविक्षा अधिकारी, बाल संरक्षण अधिकारी किंवा तुरुंगातले कल्याण अधिकारी होतात, सामाजिक संस्थांत जातात, बँका आणि सल्लागार कंपन्यांमध्ये फसवणूक तपासतात. युजीसी-नेटला गुन्हेशास्त्र हा विषय असल्याने प्राध्यापकीचा रस्ता खुला आहे. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत मात्र तो नाही. सुरुवातीचा पगार अनेकदा बेताचा असतो आणि कैद्याच्या आईसमोर बसून तासभर ऐकण्याची तयारी लागते. गुन्ह्यांच्या मालिका पाहून हा विषय घेणाऱ्यांची इथेच निराशा होते. ज्यांना फॉरेन्सिकच हवं आहे त्यांच्यासाठी दिवस बरे आहेत: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं अशी तरतूद आहे.

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी मुलाने स्वतःची एक चाचणी घ्यावी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोचा तुरुंगांवरचा अहवाल फुकट वाचता येतो. २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या कैद्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. हा आकडा वाचून ‘असं का?’ विचारावंसं वाटतं का आणि पुढचे तक्ते उलटत राहावंसं वाटतं का, ते पाहावं. मग एक दिवस जिल्हा न्यायालयात जावं. बहुतेक फौजदारी खटले उघड्या न्यायालयात चालतात आणि मागच्या बाकावर बसायला कुणाची ओळख लागत नाही. आई-बाबांनीही सोबत जायला हरकत नाही.