वसंतातील पानगळ

नव्या दिल्लीतील कोपर्निकस मार्ग मंडी हाउसच्या चौकापासून इंडिया गेटच्या दिशेने जातो. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्यामुळे अनेक मराठी प्रवाशांना तो परिचित आहे. मार्च महिन्यात दिल्लीच्या या भागात फिरणाऱ्यास एक गोष्ट विस्मयकारक वाटते. बागांतील वाफे पिटुनिया, फ्लॉक्स आणि कॅलेंडुला यांच्या फुलांनी भरलेले असतात. आणि त्याच वेळी कडुलिंबाची पिवळी पाने वाऱ्याबरोबर खाली येत असतात. शिशिरात पानगळ आणि वसंतात बहर, ही आपली रूढ कल्पना. दिल्लीत मात्र दोन्ही एकाच वेळी घडतात. पंचांगातील वसंत गुढीपाडव्याला सुरू होतो, तोवर तेथील वाफे कोमेजू लागलेले असतात.

याचे कारण पुढे येणाऱ्या उन्हाळ्यात आहे. ही हंगामी फुलझाडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जातात, थंडीत वाढतात आणि उष्मा वाढण्यापूर्वी फुलून बी धरतात. कडुलिंब याच सुमारास जुनी पाने टाकून तांबूस कोवळी पालवी धारण करतो. पान गळण्यापूर्वी वृक्ष त्यातील नत्राचा बराचसा अंश परत शोषून घेतो. त्यामुळे वाळलेल्या पानात मुख्यतः तंतुमय भाग उरतो, व तो सावकाश कुजतो.

घरच्या बागेचे सुख या दिवसांत सकाळच्या पहिल्या तासात असते. झारीने पाणी घालावे, खुरप्याने माती हलकी करावी, कोमेजलेली फुले खुडावीत. फूल खुडल्यामुळे झाडाची शक्ती बी धरण्यात खर्च होत नाही व बहर काही दिवस लांबतो. मात्र प्रत्येक जातीचे एक उत्तम झाड बियांसाठी राखून ठेवणे इष्ट होय. ही कामे लहान आहेत. परंतु ती करताना कालची कळी आज कोठवर उमलली हे आपण जाणतो, आणि बागेशी आपले नाते जडते ते यामुळेच.

यानंतर प्रश्न उरतो तो अंगणात साचणाऱ्या पाल्याचा. तो झाडून एका कोपऱ्यात पेटवून देण्याची पद्धत फार जुनी आहे. त्या धुराने हवा दूषित होते आणि मातीला मिळावयाचे द्रव्य नष्ट होते. २०१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ याच कोपर्निकस मार्गावरील फरीदकोट हाउसमध्ये आहे. या न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्ली व परिसरात पालापाचोळा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरविला. पण दंडाच्या भयापेक्षा लाभाचे ज्ञान बागप्रेमी माणसास अधिक उपयोगी पडते.

पालाखत करणे अवघड नाही. सावलीत सुमारे एक मीटर लांबी-रुंदीचा ढीग रचावा. जागा नसल्यास भोके पाडलेला जुना डबा किंवा गोणपाटाची पिशवी चालते. पानांच्या प्रत्येक थरावर पाणी शिंपडावे आणि मधूनमधून शेणकाला टाकावा. पानांत कमी असलेले नत्र त्यातून मिळते. महिन्यातून एकदा ढीग वर-खाली करावा. एप्रिल ते जून या काळात तो कोरडा पडू देऊ नये, कारण कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना ओलावा आवश्यक असतो. पुढे पावसाळा हे काम हलके करतो. ऑक्टोबरपर्यंत पानांचा काळसर, भुसभुशीत, मातीचा गंध असलेला चुरा तयार होतो. काही पाने अखंड राहिली असल्यास ती चाळून पुढील ढिगात टाकावीत.

दोन भाग माती, एक भाग पालाखत आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण कुंड्यांत भरून त्यात राखून ठेवलेले बी पेरावे. फेब्रुवारी येतो तेव्हा त्या कुंडीत जे फूल उमलते, त्यात गेल्या मार्चमध्ये अंगणात गळलेल्या पानांचाही वाटा असतो. बहर थोड्या दिवसांचा असतो, ही खंत ज्यास वाटत असेल त्याने पानगळीच्या दिवशी झाडू हाती घ्यावा आणि आगपेटी घरातच ठेवावी. पुढच्या वसंताची तयारी तेथूनच सुरू होते.