डायगॉन अ‍ॅली : एका कल्पित आळीचा अभ्यास

कादंबरीतल्या माणसांवर आपण पुष्कळ लिहितो. तिच्यातल्या जागांवर फारच थोडे. परीक्षेत 'स्वभावचित्रण करा' असा प्रश्न हमखास येतो, पण 'या गल्लीचे स्वभावचित्रण करा' असा प्रश्न आलेला मला तरी आठवत नाही. प्रस्तुत लेखात तसा एक प्रयत्न करायचा आहे. ही गल्ली लंडन शहरात आहे आणि नाहीही. शिवाय आज ती अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात विटा-चुन्यात उभी आहे, आणि तिकीट काढून तिथे जाता येते. कागदावरची गल्ली आणि तिकिटाची गल्ली या एकच आहेत का, एवढाच माझा प्रश्न आहे.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतला पहिला भाग १९९७ साली प्रसिद्ध झाला. मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात वाढलेला हा पोरका मुलगा अकराव्या वाढदिवशी प्रथमच 'आपल्या' जगात पाऊल टाकतो, ते या गल्लीतून. चॅरिंग क्रॉस रोडवर पुस्तकांचे दुकान आणि ध्वनिमुद्रिकांचे दुकान यांच्यामध्ये एक कळकट पबगृह आहे. सामान्य माणसांना ते दिसतच नाही. त्याच्या मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यावरच्या विटा मोजून एका ठराविक विटेवर छत्रीने टकटक केली की भिंत उघडते आणि पलीकडे फरसबंदी, वळणावळणाची डायगॉन अ‍ॅली दिसते. नाव एका दमात म्हणून पाहावे : 'डायगॉनली', म्हणजे तिरके. तिच्या बाजूची काळोखी 'नॉकटर्न अ‍ॅली'ही अशीच, 'नॉक्टर्नली', रात्रीची.

इथे थोडे विषयांतर करतो. 'अ‍ॅली' आणि आपली 'आळी' यांचा उच्चार इतका जवळचा आहे की पहिल्या वाचनात मला तो एकच शब्द वाटला होता. तसे नाही. इंग्रजी शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'जाणे' आहे. आपला शब्द संस्कृत 'आलि'वरून आला, म्हणजे ओळ, रांग. त्यांची अ‍ॅली जाण्यासाठी, आपली आळी ओळीने बसण्यासाठी! पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी घ्या. तिथे कोण बसते आणि काय घडवते हे नावातच आले. मौज अशी की रोलिंगबाईंची गल्ली इंग्रजीपेक्षा मराठी अर्थालाच अधिक जवळ आहे. तिथे कोणी नुसते जात नाही. तिथे माणसे दुकान मांडून बसलेली आहेत, विकत आहेत, घेत आहेत, कुरकुरत आहेत.

कुरकुरण्याकडे विशेष लक्ष द्यावे. हॅरी गल्लीत शिरतो तेव्हा लेखिका त्याला एखादा थक्क करणारा चमत्कार आधी दाखवत नाही. काष्ठौषधींच्या दुकानाबाहेर एक लठ्ठशी बाई मान हलवीत असते : ड्रॅगनचे काळीज औंसाला सतरा सिकल, वेड लागलंय या लोकांना! जादूच्या जगातले हे बोलणे कोणत्याही मंडईत ऐकू येईल असे आहे. आणि ही सतरा सिकल म्हणजे बरोबर एक सोन्याचा गॅलियन. एका सिकलचे एकोणतीस नट. हा हिशेब आजच्या मुलाला विचित्र वाटतो. पण आपल्याकडे १९५७ साली दशमान नाणी येईपर्यंत सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा होताच. इंग्लंडमध्ये तर १९७१ पर्यंत बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड चालत होता. लेखिकेचा जन्म १९६५ चा. माझ्या मते ही जादूची नाणी म्हणजे आजीच्या बटव्यातली जुनी नाणीच आहेत.

भावाची तक्रार आली की पाठोपाठ गरिबी आलीच. दुसऱ्या भागात वीझली कुटुंब बँकेतली आपली तिजोरी उघडते. आत चांदीच्या सिकलांची छोटीशी रास आणि एकच गॅलियन. आई कोपऱ्यांतून हात फिरवून सगळे पिशवीत ओढते. हॅरीची भरलेली तिजोरी त्याच प्रसंगात उघडते आणि त्याला ओशाळल्यासारखे होते. धाकट्या जिनीसाठी जुने झगे आणि जुनी पुस्तके घ्यायची असतात. याच गल्लीतल्या पुस्तकांच्या दुकानात श्रीमंत ल्यूशियस मॅल्फॉय तिचे फाटके पुस्तक हातात घेऊन हिणवतो, आणि परत करताना त्याच्यासोबत एक शापित रोजनिशी तिच्या हंड्यात सरकवतो. त्या भागाचे सारे कथानक या एका जुन्या पुस्तकाच्या आडून घडते. गरिबी इथे पार्श्वभूमीला ठेवलेली नाही. कथेचे चाक तिच्यावर फिरते.

सहाव्या भागात या गल्लीवर भीतीची छाया पडते. कांड्या घडविणारा ऑलिव्हँडर नाहीसा झालेला आहे, आइस्क्रीमवाल्या फोर्टेस्क्यूच्या दुकानाला फळ्या ठोकल्या आहेत, रंगीत काचांवर सरकारी सूचना चिकटवल्या आहेत आणि रस्त्याकडेला खोटे ताईत विकणारे टपरीवाले बसले आहेत. अशा वेळी फक्त जुळ्या वीझली बंधूंचे गमतीच्या वस्तूंचे दुकान झगमगत असते. ज्याने आपल्या गावातली भरती पेठ कर्फ्यूत पाहिली आहे त्याला हे प्रकरण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता तिकिटाच्या गल्लीकडे वळू. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो येथे युनिव्हर्सल कंपनीच्या उद्यानात ८ जुलै २०१४ रोजी डायगॉन अ‍ॅली खुली झाली. चित्रपटांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांचाच तिच्या रचनेत हात होता, म्हणून कारागिरीला नावे ठेवायला जागा नाही. बाहेरून केवळ लंडनच्या दर्शनी इमारतींची रांग दिसते. आतली गल्ली मुद्दाम झाकलेली आहे, भिंतीमागून ती एकाएकी समोर येते. बँकेच्या छतावर आग ओकणारा ड्रॅगन आहे. खिडक्यांपुढे विशिष्ट प्रकारे कांडी फिरवली की आतल्या वस्तू हलतात. मी हे सारे चित्रफितींतूनच पाहिले, तरी पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा आला हे कबूल केले पाहिजे.

पण अभ्यासक म्हणून दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा एक गोष्ट खटकली. छतावरचा ड्रॅगन शेवटच्या भागातला, बँक फोडून निसटलेला. त्याच्या खालीच ऑलिव्हँडर कांड्या दाखवतो आहे आणि फोर्टेस्क्यूचे आइस्क्रीम विकले जाते आहे! कादंबरीत ड्रॅगन निसटतो तेव्हा या दोन्ही दुकानांच्या दारांना केव्हाच फळ्या लागल्या आहेत. उद्यानात सात वर्षे एकाच दुपारी घडतात. तिथे कोणी नाहीसा होत नाही, म्हणून कोणी सापडल्याचा आनंदही नाही. नॉकटर्न अ‍ॅली आहे, काळोखही आहे, पण तो थंडगार, सुखाचा काळोख.

ऑलिव्हँडरच्या दुकानात एक छोटा प्रयोग होतो. जमलेल्या पाहुण्यांतून एकाला पुढे बोलावतात, दोन कांड्या 'चुकतात', तिसरी त्याला निवडते, दिवे उजळतात. मग सारे शेजारच्या विक्रीदालनात येतात. ज्याला कांडीने निवडले त्यालाही ती विकतच घ्यावी लागते. पुस्तकात हॅरीनेही सात गॅलियन मोजले होते, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. फरक असा की पुस्तकातला म्हातारा आपण घडवलेली प्रत्येक कांडी लक्षात ठेवतो. त्याची आठवण हीच त्याची कारागिरी. गल्लीत नाण्यांचा विनिमयही होतो : डॉलर देऊन ग्रिंगॉट्सच्या छापील नोटा घ्यायच्या आणि त्या उद्यानात खर्चायच्या. दुसऱ्या भागात हर्मायनीचे दंतवैद्य आईवडील याच बँकेत पौंड बदलून घेतात, तो प्रसंग अचूक उचलला आहे. मात्र वीझली आईची पिशवी तिथे कुठेच नाही. ती असणार तरी कशी? जिच्या तिजोरीत एकच गॅलियन आहे ती बाई फाटकातून आतच येऊ शकत नाही.

आमच्या एका प्राध्यापकांना हा लेख वाचायला दिला तेव्हा त्यांनी आक्षेप घेतला : "अरे, जत्रेत गरिबी दाखवायची असते का? पोरं चार घटका रमतात, ते तुला बघवत नाही?" आक्षेपात तथ्य आहे. जत्रा ही जत्राच असावी. पण जत्रा उठते आणि ही गल्ली उठत नाही. उलट ती आता खऱ्या शहरांत शिरू लागली आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात शॅम्बल्स नावाची जुनी अरुंद गल्ली आहे. ती खाटिकांची आळी. मांस टांगायचे आकडे अजून काही दुकानांबाहेर दिसतात. आज तिथे जादूच्या कांड्या विकणारी दुकाने आहेत. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातले लेलो हे सुंदर पुस्तकालय या कादंबऱ्यांची प्रेरणा म्हणून इतके गाजले की २०१५ पासून आत जायला पैसे पडू लागले. आपण तिथे कधी गेलोच नव्हतो, असे लेखिकेने २०२० मध्ये सांगितले. आधी शहरातून कादंबरी झाली, मग कादंबरीतून उद्यान, आणि आता उद्यानासारखे शहर.

चित्रपट पाहिल्यापासून माझ्या वाचनातली गल्ली पुष्कळशी पुसली गेली आहे. हॅरीचा चेहरा, बँकेचे वाकडे खांब, सारे पडद्यावरचेच आठवते. एकच कोपरा माझा म्हणून उरला आहे. काष्ठौषधींच्या दुकानाबाहेरची ती बाई. ग्रंथालयातल्या प्रतीत ती पहिल्यांदा भेटली तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर तिने नऊवारी नेसलेले आहे, हातात कापडी पिशवी आहे, आणि ड्रॅगनच्या काळजाचा भाव ऐकून ती पुढच्या दुकानाकडे निघाली आहे. उद्यानाच्या चित्रफितींत मी तिला शोधले. भाव ऐकून मान हलवणारे तिथेही दिसले. पण ते सारे पाहुणेच होते.