कमिटचे पान एकदाच बनते

प्रश्न : घरच्या छोट्या सर्व्हरवर मी माझ्या प्रोग्रॅमचे गिट रेपो ठेवले आहेत. ते कोणालाही ब्राउझरमध्ये वाचता यावेत, अशी इच्छा आहे. एक मित्र म्हणतो, ‘गिटलॅब वगैरे बसवू नकोस, सगळी पाने आधीच एचटीएमएलमध्ये बनवून ठेव.’ पण दर पुशला सगळा इतिहास नव्याने पानांत उतरवायचा, तोही कोणी मागितलेला नसताना, हा नसता उपद्व्याप नाही का?

उत्तर : दर पुशला सगळे नव्याने करावे लागत असते तर तो उपद्व्यापच ठरला असता. तसे करावे लागत नाही, आणि याचे कारण गिटच्या मुळाशीच आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या गिटमध्ये कमिटची ओळख त्याच्या मजकुरावरूनच ठरते. फायलींची त्या क्षणीची स्थिती, आधीचा कमिट, लेखक, वेळ आणि संदेश या सगळ्यांतून ४० अक्षरांचा हॅश निघतो. संदेशातला एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश बदलतो, म्हणजे तो दुसराच कमिट होतो. एका हॅशमागचा मजकूर कधी बदलतच नसेल, तर त्याचे पान पुन्हा कशाला बनवायचे? बँकेतले यंत्र पासबुकातल्या जुन्या नोंदी पुन्हा छापत नाही, शेवटच्या ओळीखालून पुढे छापते. तसेच हे.

स्टॅगिट हा सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम याच तत्त्वावर चालतो. डीडब्ल्यूएम आणि डीमेन्यू ही साधने बनवणाऱ्या ‘सकलेस’ गटाचा कोड वेबवर दिसतो तो स्टॅगिटच्याच पानांतून. रेपो दिला की हा प्रोग्रॅम कमिटांची यादी, फायलींची यादी, शाखा आणि टॅग, प्रत्येक कमिटमधला बदल आणि प्रत्येक फायलीची आजची प्रत अशी पाने लिहितो. सोबत ॲटम फीडही देतो. कमिटचे पान आधीच असेल तर त्याला हात लावत नाही. यादीत मात्र प्रत्येक कमिटसमोर किती फायली बदलल्या, किती ओळी वाढल्या आणि किती गेल्या, हे आकडे असतात. ते काढायला वेळ लागतो, म्हणून आधीचे हिशेब एका कॅश फायलीत ठेवायची सोय आहे.

हे सुरू कोण करतो? सर्व्हरवरच्या ‘बेअर’ रेपोत हुक्स नावाचा फोल्डर असतो. त्यात ‘पोस्ट-रिसीव्ह’ नावाची स्क्रिप्ट ठेवून तिला चालवण्याची परवानगी दिली की प्रत्येक पुशनंतर गिट ती स्वतः चालवते. स्क्रिप्टमध्ये दोनच कामे : त्या रेपोसाठी स्टॅगिट, आणि सगळ्या रेपोंच्या मुखपृष्ठासाठी स्टॅगिट-इंडेक्स. हुक पुश करणाऱ्या खात्याच्या नावाने चालतो; पानांच्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क त्या खात्याला द्यायला विसरू नका.

आता ‘कोणी मागितलेले नसताना’ या मुद्द्याकडे. समजा, रेपोत १,००० फायली आणि २,००० कमिट आहेत. स्टॅगिट सुमारे ३,००० पाने बनवेल आणि काम संपेल. मागणीनुसार पाने बनवणारी सिस्टीम मात्र कोणतीही फाइल कोणत्याही कमिटच्या वेळी कशी होती, तेही दाखवते. म्हणजे २० लाखांपर्यंत पत्ते झाले; दोन कमिटांमधला फरक, प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद, ही पाने निराळीच. माणूस त्यांतली चार-दोन उघडतो. एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट मात्र दिसेल तो दुवा उघडतात, आणि दर वेळी सर्व्हरला गणित करायला लावतात. २०२५ मध्ये या गर्दीपायी ग्नोम प्रकल्पाला आपल्या गिटलॅबपुढे अनुबिस बसवावे लागले. ते आत येणाऱ्या ब्राउझरला आधी एक कोडे सोडवायला लावते. स्थिर पानांवर तेच बॉट आले तर सर्व्हरला फक्त तयार फाइल उचलून द्यायची असते. शिवाय बाहेरच्या विनंतीवर तुमच्या यंत्रावर वेब सर्व्हरखेरीज कोणताच प्रोग्रॅम चालत नसल्याने घुसखोरीच्या वाटाही कमी.

एवढेच काय, क्लोनसुद्धा साध्या फायलींतून होतो. हुकमध्ये ‘गिट अपडेट-सर्व्हर-इन्फो’ ही आज्ञा घातली आणि बेअर रेपोचा फोल्डर वेबवर खुला केला की झाले. ही पद्धत जुनी आणि थोडी संथ आहे, पण छोट्या रेपोला पुरते.

मर्यादाही ऐका. दोन हजारांहून जास्त कमिट असलेल्या किंवा अनेक शाखांच्या रेपोंसाठी स्टॅगिट नाही, असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे. कमिटांची संख्या मर्यादित ठेवून वाट काढता येते, पण दहा लाखांहून अधिक कमिट असलेल्या लिनक्स कर्नलसारख्या रेपोला ती पुरणार नाही. कर्नलचा कोड मागणीनुसार पाने देणाऱ्या सीगिटवर आहे. स्थिर पानांत शोधाची सोयही नसते. ज्याला शोधायचे त्याने क्लोन करून ‘गिट ग्रेप’ वापरावे.

सर्वांत जपून करायची गोष्ट म्हणजे फोर्स पुश. चुकून पासवर्ड कमिट झाला आणि तुम्ही इतिहास बदलून, फोर्स पुश करून तो काढलात, तरी जुन्या कमिटचे पान वेब फोल्डरमध्ये जसेच्या तसे राहते. म्हणून फोर्स पुश झाला आहे का हे हुकने तपासावे, आणि झाला असेल तर कॅश आणि कमिटांची पाने पुसून सगळे नव्याने बनवावे. तुम्हाला वाटतो तो खटाटोप फक्त इथे खरा होतो. पासवर्ड तर त्याआधीच बदलून टाका, कारण पान पुसण्यापूर्वी ते कोणी वाचले असेल हे सांगता येत नाही.

लोकांनी तक्रारी नोंदवाव्यात, बदल सुचवावेत, चर्चा करावी असे वाटत असेल तर फोर्जेयो किंवा गिटीया बसवा. लोकांनी नुसते वाचावे एवढेच हवे असेल, तर मित्राचे ऐका.