कुलूप सर्वांना ठाऊक, किल्ली कोणापाशी?

मजकूर कूट लिपीत लिहून तो परक्यापासून लपविण्याची विद्या फार जुनी आहे. आज तीच विद्या संगणकात ‘एन्क्रिप्शन’ या नावाने नांदते आणि बँकेच्या व्यवहारापासून भ्रमणध्वनीवरील निरोपापर्यंत सर्वत्र आपले रक्षण करते. या विद्येच्या गणिताविषयी पुष्कळ लिहिले जाते. ते गणित ज्या किल्लीवर उभे असते, ती किल्ली ठेवायची कोठे आणि सोपवायची कोणाच्या हाती, याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

पॅरिसमध्ये भाषा शिकविणारे ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनावर एक निबंध प्रसिद्ध केला. कूटलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती केवळ किल्ली, असे त्यांचे प्रतिपादन होते. दारावर कोणत्या बनावटीचे कुलूप आहे हे गावाला कळले म्हणून घर उघडे पडत नाही, तसेच हे आहे. एका शिक्षकाने मांडलेले हे तत्त्व आजही प्रमाण मानले जाते, याचे आम्हां शिक्षकांना थोडे अधिक कौतुक वाटणे स्वाभाविक आहे.

दुसऱ्या महायुद्धात या तत्त्वाची कसोटी लागली. जर्मन नौदल आपले संदेश ‘एनिग्मा’ यंत्राने कूटबद्ध करी. हे यंत्र मुळात अगदीच गुपित नव्हते. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्या १९२० च्या दशकात बाजारात विकल्या जात होत्या. खरे गुपित होते ते यंत्र रोज कसे जुळवायचे यात. आतील चक्रांचा क्रम, त्यांची मांडणी, तारांची जोडणी हे सारे ठरविणारे तक्ते आधी छापून जहाजांवर पाठविले जात. हे तक्ते म्हणजेच किल्ली.

इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे हे संदेश उलगडण्याचे काम चालू होते. तेथे हॅरी हिन्स्ली नावाचा केंब्रिजचा तरुण होता. तो गणिती नव्हता, इतिहासाचा विद्यार्थी होता. पुढे तो इतिहासाचा प्राध्यापक झाला. उत्तर अटलांटिक महासागरात हवामानाची नोंद घेणारी जर्मन जहाजे एकेकटी, आठवडेच्या आठवडे फिरत असतात, हे त्याने हेरले. इतका काळ बंदरापासून दूर राहणाऱ्या जहाजाला पुढील महिन्याचे तक्तेही बरोबर न्यावेच लागणार. हल्ला झालाच तर खलाशी वापरातले यंत्र आणि चालू महिन्याचे कागद पाण्यात फेकतील, पण तिजोरीत कुलूपबंद असलेले पुढच्या महिन्याचे कागद त्या धांदलीत मागे राहतील, असा त्याचा तर्क होता. ७ मे १९४१ रोजी ब्रिटिश नौदलाने ‘म्युन्शेन’ हे जहाज पकडले. यंत्र समुद्रात गेले होते, पण जून महिन्याचे तक्ते सापडले. २८ जून रोजी ‘लाउएनबुर्ग’ या दुसऱ्या जहाजावर जुलैचे तक्ते मिळाले. ते दोन महिने जर्मन नौदलाचे संदेश ब्लेचलीत जवळजवळ तत्काळ वाचले जात होते. गणितात जर्मनांचे काही चुकले नव्हते. किल्ल्या एका निराधार मासेमारी नौकेवर ठेवणे, ही त्यांची चूक होती.

आता आजच्या किल्लीकडे वळू. संगणकातील किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या, बहुधा २५६ शून्य-एकांची रांग. दशमान पद्धतीत लिहिली तर सुमारे ७८ अंकी. अंदाज करीत ती शोधणे जगातील सर्व संगणकांना मिळूनही साधणारे नाही. परंतु ती जेथे साठविली आहे तेथून उचलणे सोपे असू शकते. ज्या संगणकात माहिती, त्याच संगणकातील एखाद्या धारिकेत किल्ली ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली उंबऱ्याखाली सरकविणे होय. म्हणून बँका व मोठ्या संस्था त्यासाठी एक वेगळी पेटी वापरतात. तिला एचएसएम म्हणतात. किल्ली या पेटीतच जन्मते आणि उघड्या रूपात तेथून बाहेर येत नाही. सही करावयाचा मजकूर आत जातो, सही होऊन बाहेर येतो. पेटी फोडण्याचा प्रयत्न झाल्यास उच्च दर्जाच्या पेट्या आतील किल्ली स्वतःच पुसून टाकतात. एटीएम कार्डावरील चिप हे याच कल्पनेचे लहान रूप आहे.

तरीही पेटी चालविणारा माणूस उरतोच. तो एकटा असेल आणि फितूर झाला, किंवा मरण पावला, तर? आदि शामिर या गणितज्ञाने १९७९ मध्ये यावर जो उपाय सांगितला, तो नववीच्या वर्गात शिकविता येईल इतका सुबोध आहे. समजा, गुप्त संख्या १२ आहे. आलेखावर एक सरळ रेषा काढा, जी उभ्या अक्षाला १२ वर छेदते आणि दर पावलाला ५ ने चढते. पहिल्या विश्वस्ताला पहिल्या पावलावरची उंची १७ सांगा, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २७. कोणतेही दोघे एकत्र आले की रेषा ठरते आणि मागे जाऊन १२ सापडतात. एकट्याला मात्र काहीच कळत नाही, कारण एका बिंदूतून असंख्य रेषा जातात. तिघांची संमती हवी असेल तर रेषेऐवजी वक्र घ्यावा. विश्वास एका व्यक्तीवर न टाकता तो वाटून द्यावा, हे येथे गणितानेच साधले आहे.

अनेकांच्या संमतीचे हे तत्त्व जगात सर्वांत गाजावाजाने पाळले जाते ते इंटरनेटच्या नामसूचीसाठी. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो तेव्हा मिळणारा पत्ता खरा आहे याची हमी सह्यांच्या एका साखळीने दिली जाते. तिच्या मुळाशी असलेली किल्ली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एल सेगुंडो आणि व्हर्जिनियातील कल्पेपर या दोन ठिकाणी, तिजोऱ्यांतील एचएसएम पेट्यांत असते. जून २०१० पासून वर्षातून साधारण चार वेळा ती वापरण्याचा समारंभ होतो आणि तो कोणालाही इंटरनेटवर पाहता येतो. प्रत्येक ठिकाणासाठी वेगवेगळ्या देशांतील सात विश्वस्त नेमलेले आहेत. त्यांपैकी किमान तिघे हजर असल्याशिवाय पेटी चालत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एल सेगुंडोच्या एका तिजोरीचे साधे कुलूपच बिघडले, समारंभ चार दिवस लांबला आणि तिजोरीला भोक पाडून ती उघडावी लागली!

हे सारे दूरचे वाटेल. पण याच जातीची किल्ली आज आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत आहे. वित्त आयोगाचा निधी खर्च करताना ई-ग्रामस्वराज प्रणालीत ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व सरपंच या दोघांची डिजिटल स्वाक्षरी लागते. एकट्याने पैसा हलवू नये, हेच तत्त्व येथेही आहे. प्रत्येकाची किल्ली पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. लोक त्याला ‘डोंगल’ म्हणतात. त्यातील किल्लीची नक्कल काढता येत नाही आणि पिनवाचून ती चालत नाही.

मात्र अनेक गावांत काय दिसते? सरपंच राखीव जागेवर निवडून आलेली आमची भगिनी असते, आणि तिचा डोंगल मात्र संगणक चालकाच्या खणात, उपसरपंचाच्या खिशात किंवा ठेकेदाराच्या घरी असतो. पिन कागदावर लिहून त्यालाच चिकटविलेला असतो. पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. ज्याच्या घरी दप्तर, त्याच्या हाती गाव. ते वतन १९५० च्या कायद्याने गेले. ७३ व्या घटनादुरुस्तीने आरक्षणाद्वारे सरपंचपदाचे दार आमच्या समाजाला आणि स्त्रियांना उघडून दिले. त्या पदाची सही आता बोटांएवढ्या टोकनमध्ये मावते, आणि ते दुसऱ्याच्या खणात असेल तर खुर्चीवर कोण बसले आहे याला फारसा अर्थ उरत नाही. चोरी नाही, फोडाफोड नाही. किल्ली केवळ ‘ताई, राहू द्या इथेच, तुम्हांला कुठे जमणार’ एवढ्या एका वाक्यावर जाते.

कायदा मात्र टोकन कोणाच्या खणात होते हे आधी विचारीत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ प्रमाणे खाजगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राखण्याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकानेच घ्यावयाची आहे. किल्ली परक्या हाती गेल्यास प्रमाणन प्राधिकाऱ्याला विनाविलंब कळवावयाचे आहे, आणि तसे कळवीपर्यंतची जबाबदारी त्याच्याच माथी राहते. चौकशी लागते तेव्हा देयकावर सरपंचताईंचीच सही निघते.

म्हणून आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी किंवा पालकांपैकी जे कोणी सरपंच असतील, त्यांनी टोकन सही झाल्याबरोबर काढून घरी न्यावे आणि मिळालेला पहिला पिन लगेच बदलावा. पिन कोठे लिहून ठेवू नये. सही करण्यापूर्वी पडद्यावरील रक्कम व नाव स्वतः वाचावे; वाचता येत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलामुलीला शेजारी बसवावे. टोकन हरवले किंवा कोणी अडवून ठेवले तर प्रमाणपत्र रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा व त्याची पोच जपून ठेवावी. नवीन प्रमाणपत्र घेताना अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच लिहावा, चालकाचा नव्हे. कारण पुढील सर्व सूचना त्याच पत्त्यावर येतात.