चाकांवरचे बिऱ्हाड

मी घाटकोपरला भटवाडीत राहते. आमचे हे टेंपो चालवतात. आमचे गाव कराडजवळ आहे. तुळशीच्या लग्नानंतर गावी भाच्याचे लग्न होते. म्हणून आम्ही टेंपो घेऊन निघालो.

मानखुर्द, वाशी, पनवेल मागे पडले. खंडाळ्याचा घाट चढलो. पुणे गेले, सातारा गेला. उंब्रजच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर उभा होता. मागे दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत काय नव्हते! लोखंडी पेट्या, बाजरीची पोती, हंडे, बांबू, खुराड्यात कोंबड्या. पोत्यांवर लेकरे झोपली होती. सगळा संसार चाकांवर.

ट्रॉलीचे चाक बसले होते. ह्यांनी जॅक दिला, हातही लावला. तोवर मी बायकांशी बोलले.

"कुठल्या गं तुम्ही?"

"बीड जिल्ह्यातल्या. ऊस तोडायला निघालो, ताई."

मी पाण्याचा कॅन दिला. एका बाईने मला मूठभर शेंगा दिल्या. निघताना ती म्हणाली, "माघारी जाताना आमच्या कोपीवर या. गरिबाची भाकर खाऊन जा." तिने गावाचे नाव सांगितले, फोनचा नंबर दिला.

ही माणसे कोण, हे आपण समजून घेऊ. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे महाराष्ट्रात असे पुष्कळ कारखाने निघाले. त्यांना ऊस तोडायला माणसे लागतात. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागात दिवाळीनंतर काम उरत नाही. मग तिथली कुटुंबे पाच-सहा महिने घर सोडतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम जोडीला आधी पैसे देतो. त्याला 'उचल' म्हणतात. ही उचल ऊस तोडून फेडायची असते.

लग्न झाले. परतताना आम्ही लाडू बांधून घेतले आणि त्यांच्याकडे गेलो. फडाच्या कडेला कोप्या उभ्या होत्या. बांबूवर पाचट आणि वर प्लॅस्टिकचा कागद. आत उभे राहता येत नाही. तरी दारासमोर सारवलेले होते. बाई पहाटे चारला उठून भाकरी करते आणि मग फडात जाते. त्या दिवशी आमच्यासाठी ती लवकर आली होती. तिने बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. आठ वर्षांची लेक धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती.

जेवण झाले. बाईने पेटीतून एक कागद काढला.

"ताई, तुमाला वाचता येतं नव्हं? एवढं बघा की. आमी अंगठा दिलाय, पण काय लिवलंय ते ठावं न्हाई."

मी दोन वर्षांपूर्वीच वर्गात वाचायला शिकले. अजून बोट ठेवून वाचते. कागदावर लिहिले होते, 'उचल रुपये 1,10,000.'

"तुम्ही किती घेतले?" मी विचारले.

"एक लाख. ह्यांनी मोजून घेतले."

माझी जीभ अडखळली. पाहुणी म्हणून आले, भाकरी खाल्ली. आता इथे भांडण लावून जायचे का? पण मग वाटले, खाल्ल्या भाकरीला जागायला हवे. मी आकडा पुन्हा वाचला आणि खरे ते सांगितले.

दहा हजार म्हणजे किती, ते पाहा. 2024 सालच्या जानेवारीत तोडणीची मजुरी 34 टक्के वाढली. ती टनाला सुमारे 366 रुपये झाली. म्हणजे दहा हजार फेडायला 27 टनांहून जास्त ऊस तोडावा लागतो. जोडीने दिवसाला दोन टन तोडला, तरी चौदा दिवस जातात. एका आकड्यासाठी दोघांचे चौदा दिवसांचे कष्ट!

बाई थोडा वेळ गप्प बसली. मग शेजारच्या कोपीत गेली. तिथून आणखी चार कागद आले. मी चारही वाचले. प्रत्येकात दहा हजार जास्त होते.

आम्हाला मुंबई गाठायची होती. निघण्याआधी मी टेंपोतली कोरी वही बाईला दिली. पहिल्या पानावर रकाने आखले. तारीख, खेप, वजन, घेतलेले पैसे. मी म्हटले, "वजनाची पावती टाकू नका. आकडे तरी रोज मांडा." लेकीबद्दलही बोलले. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे 6 ते 14 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घ्यावेच लागते. दाखला यायला उशीर झाला, तरी नाही म्हणता येत नाही.

आठ दिवसांनी बाईचा फोन आला. पाचही जोड्या मिळून मुकादमाकडे गेल्या होत्या. तो म्हणाला, "वरचे पैसे गाडीभाड्याचे." पण भाडे द्यायचे असे ठरलेच नव्हते. एकटे कोणी गेले असते, तर हुसकून दिले असते. पाच जोड्या होत्या म्हणून आकडे खोडले गेले. पोर शाळेत जाऊ लागली होती. वहीत रोजचे वजन तीच मांडत होती.

"आणि मी नाव लिवायला शिकतेय, ताई," बाई म्हणाली. "पुढल्या साली अंगठा देणार न्हाई."

रस्त्यात माणसे भेटतात आणि पांगतात. पण एकमेकांच्या उपयोगी पडली, तर ओळखीची सोयरीक होते.

ध्यानात ठेवा
1. वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका.
2. कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.
3. उचलीपायी कोणी डांबून ठेवले, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करा. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली आहे.

सांगा पाहू
1. 'कोयता' आणि 'उचल' म्हणजे काय?
2. पाहुणीने आकडा सांगितला, हे बरे केले का? तुम्ही काय केले असते?
3. तुमच्या घरात न वाचता ठेवलेला एखादा कागद आहे का? आज तो काढून वाचा.