🚙 ऐरोलीला गाडी आणणाऱ्या सभासदांसाठी : दाराखालचा गार्ड घेताना काय बघायचं



आजचा धडा पिकाचा नाही, गाडीचा आहे. शनिवारी माल घेऊन ऐरोलीला येणारे बरेच जण थार, बोलेरो, स्कॉर्पिओ, जिम्नी घेऊन येतात. मागच्या पंधरवड्यात मुरबाडकडच्या एका सभासदाची गाडी भाताच्या खाचराचा बांध ओलांडताना बाजूवर बसली. खाली चकचकीत फूटस्टेप होता. तो वाकून वर गेला आणि चालकाच्या दारातच घुसला. दार उघडेना. गाडी काढेपर्यंत नऊ वाजले. शिळफाट्याची गर्दी पार करून माल ऐरोलीत पोचला तेव्हा गिऱ्हाईक घरी गेलं होतं. अर्धी पालेभाजी परत न्यावी लागली. त्यानंतर तिघांनी विचारलं, "ऐरोलीला आलोच आहोत तर रबाळे एमआयडीसीत चांगला गार्ड बनवून घेऊ का?" म्हणून हा मेसेज. थोडा लांब आहे, पण पैसे द्यायच्या आधी पूर्ण वाचा.

*फूटस्टेप वेगळा, स्लायडर वेगळा*

दोन चाकांच्या मधे, दाराच्या खाली जी पत्र्याची पोकळ पट्टी असते तिला गॅरेजवाले रॉकर पॅनल म्हणतात. ती चेपली की दार नीट लागत नाही, पाणी आत शिरतं, गंज धरतो आणि डेंटिंगचं बिल मोठं येतं. फूटस्टेप हा पाय ठेवायला असतो. पाइप पातळ, ब्रॅकेट छोटे. माणसाचं वजन तो पेलतो, गाडीचं नाही. गाडी बाजूवर बसली तर तोच पत्र्यात शिरतो. वरच्या प्रकरणात फूटस्टेप नसता तर कदाचित नुकसान कमी झालं असतं.

स्लायडर म्हणजे गाडी त्यावर टेकली तरी चालेल, दगडावरून घसरत पुढे गेली तरी चालेल, असा जाड पाइपचा गार्ड. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारायचा : *तो कशाला बांधलाय?* चेसीला बांधला असेल तरच स्लायडर. बॉडीच्या पत्र्याला बांधला असेल तर नाव काहीही असू दे, तो शोभेचा.

थार, बोलेरो, स्कॉर्पिओ, गुरखा, जिम्नी, जुनी जिप्सी या गाड्यांना खाली शिडीसारखी वेगळी चेसी असते, त्यामुळे काम जमतं. ज्या गाड्यांना वेगळी चेसीच नाही, बॉडी आणि सांगाडा एकच असतो (बहुतेक छोट्या एसयूव्ही आणि सगळ्या साध्या कार), त्यांच्या मालकांनी या खर्चात पडू नये. भार शेवटी त्याच पत्र्यावर येतो.

*पाइप किती जाडीचा?*

"हेवी आहे साहेब" यावर जाऊ नका. कापलेल्या तोंडाला व्हर्नियर लावून जाडी मोजा. दीड इंची पाइप म्हणून जो मिळतो त्याचा बाहेरचा व्यास साधारण ४८ मिमी भरतो. त्यात ३.२ मिमी जाडीचा मीडियम पाइप मीटरला साडेतीन किलोच्या आसपास, ४ मिमीचा हेवी सव्वाचार ते साडेचार किलो. थारला मीडियम पुरतो. दगड-धोंड्यांचा रोजचा रस्ता असेल तर हेवी घ्या. दोन पाइप, तीन पाय आणि प्लेटा धरून जोडी चाळीस किलोच्या आसपास जाते, म्हणजे टोमॅटोचे दोन क्रेट कायमचे गाडीत. कोणी वीस किलोत जोडी देतो म्हणाला तर पाइप पातळ आहे हे समजा. स्टेनलेसच्या चकाकीलाही भुलू नका, जाडी बघा.

पाय चेसीच्या उभ्या बाजूला, निदान ५-६ मिमीच्या प्लेटवर, नट-बोल्टने धरलेले हवेत. एका बाजूला तीन पाय तरी हवेत. चेसीच्या वरच्या-खालच्या कडेला नवीन भोकं पाडू देऊ नका, तिथूनच तडा सुरू होतो. चेसीला थेट वेल्डिंग तर मी टाळायलाच सांगेन. पोलाद तापून कमजोर पडू शकतं, शिवाय ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग तिथूनच जातं. रबाळ्याचे फॅब्रिकेटर मशिनच्या फ्रेमा बनवतात, वेल्डिंगला हात चांगला असतो. पण गाडीचं काम त्यांना आपण सांगू तसंच ते करणार, म्हणून सांगणाऱ्याला माहिती हवी. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा.

गार्ड आणि रॉकर पॅनल यांच्यात दोन बोटं जागा सोडा. बॉडी रबरी बुशवर हलते आणि पाइपही थोडा लवतो. जागा नसेल तर रोजच्या खड्ड्यात खडखड आणि रंग गेला. गार्ड बाहेरच्या बाजूला थोडा वर उचललेला असावा, मात्र चाकावरच्या कमानीच्या बाहेर येऊ नये. पाइपची तोंडं बंद, खाली पाणी जायला बारीक भोक. आपल्याकडचा चिखल आत साचला की दोन पावसाळ्यात पाइप आतून खलास.

तयार झाल्यावर पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. सपाट काँक्रीटवर, चाकांना उटी लावून, गार्डच्या मधोमध जॅक लावा आणि त्या बाजूची चाकं उचलेपर्यंत वर घ्या. गार्ड पॅनलला टेकला किंवा खाली सोडल्यावर वाकलेला दिसला तर परत करा. *गाडीखाली कोणीही जायचं नाही.*

*कायद्याचं*

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड, बुल बारवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं होतं. बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड होऊ शकतो. तुमची गाडी ज्या आरटीओची, तिथे आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा. वॉरंटीतली किंवा बाजूच्या एअरबॅगची गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरलाही.

आता खरं सांगायचं तर दहातल्या सात-आठ सभासदांना याची गरज नाही. बोलेरो पिकअपवाल्यांना तर नाहीच, वाढलेलं वजन मालातून वजा होतं. वाट रोजची असेल तर बांधाला दोन्ही बाजूंनी दगड-मुरूम टाकून उतार करून घ्या, एका दिवसाचं काम आहे. तोवर बांध तिरका कापू नका. तिरकं गेलं की एक चाक खाचरात उतरतं, गाडी कलते आणि दाराखालची बाजूच बांधावर बसते. सरळ, पहिल्या गिअरमध्ये, एक माणूस खाली उतरवून बाजूने बघायला लावून ओलांडा. लांब व्हीलबेसवाल्यांनी जास्त जपायचं : तीन दारांच्या थारची चाकं २,४५० मिमी अंतरावर आहेत, रॉक्सची २,८५० मिमीवर, त्यामुळे रॉक्सचं पोट लवकर टेकतं.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी गाडीच्या खालचे, चेसी आणि रॉकर पॅनल दोन्ही दिसतील असे फोटो गुरुवारपर्यंत ग्रुपवर टाका. शनिवारी ऐरोलीत माल उतरला की एकत्र जाऊन दर विचारू. तीन-चार जोड्यांचं काम एकदम दिलं तर भाव कमी होईल. व्हर्नियर मी आणतो.